काडेपेटी आणि कूलर

जळगावात पारा 45 अंशांवर गेला की माणसं भिंतीच्या सावलीला चिकटून चालतात, डोक्याला रुमाल गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात. उन्हाला एवढी भिणारी आमची जात करंटला मात्र अजिबात भीत नाही. "झटका देतो जरासा, पण हवा काय मारतो!" हे आमच्या गल्लीत पत्र्याच्या कूलरचं कौतुक समजलं जातं. कूलरला हात लावायचा तो चप्पल घालून, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

आमचा एक्स्टेन्शन बोर्ड माझ्या संसाराच्या वयाचा. वायरीला चार ठिकाणी काळी टेप आणि पाचव्या ठिकाणी जखमेवरची चिकटपट्टी. प्लगची वरची जाड पिन दोन पिनांच्या सॉकेटात जाईना, म्हणून मीच एकदा पकडीनं मोडून टाकली. ती अर्थिंगची. इतक्या सहजपणे मी जमिनीशी संबंध तोडले होते.

यंदा आखाजीच्या आधी धुळ्याहून मेहुणा मुराळी म्हणून आला. त्याचं तिकडे फॅब्रिकेशनचं दुकान. दिवसभर हातात ग्राइंडर. त्याच्यासमोर जरा कर्तबगारी दाखवावी म्हणून खिडकीखाली कूलरचं स्टँड ठोकायला घेतलं. शेजाऱ्याकडून ड्रिल मशीन आणलं. त्याला प्लगच नव्हता, नुसत्या दोन उघड्या तारा. पण शेजारी मनाचा मोठा. त्यानं सोबत काडेपेटीही दिली. तारा सॉकेटात खुपसायच्या आणि वरून एकेक काडी दाबून बसवायची. शिवाय त्याच्याकडचा वायरीचा ड्रमही मिळाला. मला लागत होती हातभर वायर, म्हणून बाकीची तशीच सुबक गुंडाळलेली राहू दिली. आमचा बोर्ड भिंतीत, बोर्डात ड्रम, ड्रमच्या एका सॉकेटात काड्यांसकट ड्रिल आणि दुसऱ्यात बायकोची इस्त्री, कारण माहेरी न्यायच्या साड्या राहिल्या होत्या. कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी मी नुकतंच फरशीवर ओतलेलं. पायात काही नाही.

पहिलं भोक अर्ध्यावर आलं तेव्हा मेहुणा चहाची बशी ठेवून उठला आणि त्यानं ड्रमवर हात ठेवला.

"दाजी, यावर बिबडे वाळत घाला. दुपारपर्यंत कडक होतील."

मग त्यानं भिंतीतलं बटण बंद केलं, काड्या उपटल्या आणि चिकटपट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हाई वायर शे का सुतळी?"

पुढचा अर्धा तास माझी शिकवणी झाली. इस्त्री 1000 वॅटची, ड्रिल 600 वॅटचं. दोन्ही मिळून सात अँपिअर. आमचा बोर्ड सहाचा. त्यात वायर गुंडाळलेली असली की आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही, वरचं प्लास्टिक मऊ पडतं आणि तारेला तार भेटते. म्हणून ड्रम वापरायचा तर आधी बठ्ठी वायर उलगडायची, लागो न लागो. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही. मोडलेल्या पिनेबद्दल मी म्हणालो, "पण ड्रिलला तर दोनच तारा असतात." तो म्हणाला, "ड्रिलचं अंग प्लास्टिकचं. तुमच्या कूलरचं पत्र्याचं आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी बाजारातून त्यानं दीड स्क्वेअर एमएमची तीन तारांची वायर आणि नवा बोर्ड आणला, ड्रिलला प्लग बसवला. मीटरजवळ आरसीसीबी लावायला वायरमनला बोलावलं. तीस मिलीअँपिअर करंट वाट चुकून अंगातून जमिनीकडे निघाला की हे यंत्र वीज तोडतं. एकटं ड्रिल जेवढा करंट ओढतं, त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच हा. जुन्या बोर्डाची वायर मेहुण्यानं माझ्या देखत वीतवीतभर कापली. मी ते तुकडे डब्यात जपून ठेवायला निघालो होतो, तेही त्यानं पिशवीत भरून धुळ्याला नेले.

आखाजी झाली, बायको परत आली. कूलर स्टँडवर बसलाय, अर्थिंगसकट. परवा शेजारी आला, सवयीनं चप्पल न काढता त्यानं पत्र्याला बोट लावलं, मग दुसरं लावलं, मग पूर्ण तळवा ठेवून पाहिला.

"काहीच लागत नाही," तो काळजीनं म्हणाला. "बिघडला वाटतं."