एक नंबर, भाऊ!

कुही तालुक्यात फोटो काढण्याजोगं आहे काय, असं विचारणाऱ्याने आंभोरा पाहिलेलं नसतं. तिथे वैनगंगेला कन्हान, आम, कोलारी आणि मुरझा येऊन मिळतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे, गोसीखुर्दचं अडलेलं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलं आहे आणि २०२४ पासून तारांनी तोललेला पूलही दिमाखात उभा आहे. दुसऱ्या अंगाला गोठणगावच्या फाटकातून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचं जंगल सुरू होतं. मिरचीच्या हंगामात मांढळकडे वळलात तर लालबुंद ढिगांपुढे डोळा ठरत नाही. एवढा ऐवज एका तालुक्याच्या वाट्याला आल्यावर हौशी छायाचित्रकार निपजले नसते तरच नवल. ते निपजले, अगदी उदंड निपजले. टंचाई आहे ती त्यांच्या फोटोंवर दोन खरे शब्द बोलणाऱ्यांची. फोटो मोबाइलवर पुरता उघडायच्या आत अभिप्राय रवाना झालेला असतो : ‘एक नंबर, भाऊ!’ फोटोत वाघ असेल तर जोडीला ज्वाळांची तीन चिन्हं. जंगलाच्या फोटोखाली वणवा पेटवणं हे रसिकतेचं लक्षण कधीपासून झालं, वनखात्यालाच ठाऊक.

ही फुकटची वाहवा निरुपद्रवी आहे, असा सर्वांचा समज आहे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. वाहवा शिकवते, आणि चुकीच्या जागी दिली तर चुकीचंच शिकवते. मिरचीच्या ढिगाचा फोटो घ्या. मिरची मुळातच लाल. त्यात फोटो काढणाऱ्याने मोबाइलमधला रंगांचा काटा आणखी पुढे सरकवला, की लाल रंग इतका चढतो की त्यातले बारकावे जळून जातात. मिरचीच्या सालीवरची चमक गेली, सुरकुती गेली, देठ गेला. उरला तो एक सपाट लाल डाग. ढिगाशेजारी बसून देठ खुडणाऱ्या बाईचे हातही त्या लालीत तांबूस होऊन जातात. या डागाला चाळीस जणांनी ‘कडक’ म्हटलं, तर पुढच्या वेळी काटा आणखी पुढे जाणार. ‘रंग थोडा उतरव, देठ दिसू दे’ एवढं एकाने लिहिलं असतं तर त्या माणसाला पुढच्या खेपेला काहीतरी करून बघता आलं असतं. ‘कडक’ वाचून करायचं काय?

मिरचीच्या बाबतीत नुकसान फोटोपुरतं राहतं. जंगलात ते तिथे थांबत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला याच गोठणगाव भागात ‘एफ-२’ नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर असताना पर्यटकांच्या जिप्सींनी तिची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सर्वदूर फिरली, चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. हे सगळं योग्यच झालं. पण जिप्सी पुढे घे म्हणणाऱ्याला पुढे जायची घाई कशाने झाली? वाघाच्या मिशा मोजता येतील अशा फोटोंनाच आपण आजवर डोक्यावर घेतलं म्हणून. लांबून, गवतासकट, वाघ आपल्या वाटेने चाललाय असा फोटो आला की आपण विचारतो, ‘वाघ कुठाय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या कुणालाही दंड झालेला नाही. तेव्हा वाघाच्या फोटोवर अभिप्राय द्यायचा तर पहिला प्रश्न असा असावा : तो कान मागे पाडून तुमच्याकडे बघतोय, की आपल्या कामात आहे? कान मागे पाडलेले असतील तर फोटो कितीही धारदार असो, तो वाघाच्या नाराजीचा पुरावा आहे.

यावर आक्षेप येतो, की अहो, हौशी माणसं आहेत, रविवारी दोन घटका जीव रमवतात. त्यांना कशाला नाउमेद करता? आक्षेपात तथ्य आहे, कारण आपल्याकडे टीका करणाराही धड नसतो. एक प्रकार कॅमेऱ्याची चौकशी करणारा. फोटो चांगला असेल तर श्रेय भिंगाला, वाईट असेल तर दोष माणसाला. दुसरा प्रकार फौजदारी खात्याचा : चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून बगळा रेषेवर नाही म्हणून त्याला ताब्यात घेणारा. या दोघांमुळे माणूस नाउमेद होतो हे खरं. पण म्हणून खरं बोलणंच बंद करायचं? चांगला अभिप्राय द्यायला विशेष काही लागत नाही. आपली नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडकली ते सांगायचं, आणि येत्या रविवारी दुरुस्त होईल अशी एकच गोष्ट सांगायची. आंभोऱ्याच्या सूर्यास्तात क्षितिज तिरकं असेल तर ‘पाण्याची रेघ सरळ कर, वैनगंगा भंडाऱ्याकडे सांडतेय’ एवढं पुरे. त्याच दमात आकाशाचा नारिंगीपणा, पुलाची कापलेली तार आणि कोपऱ्यातली चिप्सची पिशवी काढू नये. त्या पुढच्या रविवारांसाठी ठेवाव्यात.

दुसरा आक्षेप आवडीचा : ज्याची त्याची नजर. मान्य, पण पाण्याची पातळी हा आवडीचा विषय नाही. जिथे खरोखर आवडीचा प्रश्न असेल तिथे ‘मला’ हा शब्द आधी घालावा, म्हणजे भांडण होत नाही. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ आंभोऱ्यातच रचला असं विदर्भात मानतात (आंबेजोगाईकर मानत नाहीत, ते असो). त्या गावाच्या फोटोपुरता तरी थोडा विवेक परवडावा. आणि तिसरा, हुकमी आक्षेप : ‘आधी तुम्ही काढून दाखवा.’ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. लांडगा बहुधा पाळीव असल्याचं ठरून ते पुढच्याच वर्षी काढून घेतलं. २०१७ च्या एका विजेत्या फोटोतला मुंगीखाऊ तर भुसा भरलेला असल्याचं निष्पन्न झालं. दोन्ही वेळा कस लागला तो बघणाऱ्यांच्या नजरेचा. मुंगीखाऊतला भुसा ओळखायला स्वतः मुंगीखाऊचा फोटो काढलेला असावा लागत नाही.

तेव्हा पुढचा फोटो आला की अंगठा क्षणभर आवरा. फोटो मोठा करून बघा, बरं काय आहे ते नेमकं लिहा आणि सुधारण्यासारखी एक गोष्ट लिहा. आणि कॅमेरा कुठला हे विचारल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर ते सगळ्यात शेवटी विचारा.