बसायचं कुठे?

वडिलांच्या कारखान्यात आठ माग होते. भिवंडीत आठ मागांचा मालक म्हणजे मालक कमी आणि फिटर जास्त. पायजम्याला तेल, कानात खटखट आणि खिशात कायम एक पाना. कारखाना बंद केला तेव्हा भंगारवाल्याने माग किलोवर नेले. मोटरा नेल्या, तारांचे तुकडे नेले, भिंतीवरचा घंटा मोजायचा मोडका मीटरही नेला. धोटे मात्र एकेक करून बाजूला फेकले. "हे लाकूड आहे, शेठ." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला शेठ म्हटलं ते असं.

त्रेसष्ट धोटे निघाले. गोणीत भरून माळ्यावर टाकले. ज्यांनी धोटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: हातभर लांबीचं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मध्ये होडीसारखी पोकळी आणि त्यात सुताची कांडी. एका बाजूला सूत बाहेर पडायला डोळा असतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा हा माणूस मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो. जुना धोटा उजेडात धरला तर डोळ्याशेजारी केसाएवढी चर दिसते. सुताने घासून घासून लाकूड कापलेलं असतं. ही चर दाखवून मी बायकोला म्हटलं, "बघ, केवढं काम केलंय याने." ती म्हणाली, "अहो, मग आता त्याला माळ्यावर कशाला ठेवलाय? विका. लोक हल्ली असलं काहीही दिवाणखान्यात लावतात."

ऑनलाइन लिलावाची कल्पना मेहुण्याची. त्याला इतिहासाचा नाद आहे, म्हणजे मोबाइलवरच्या. त्याने सांगितलं की ईबेवर १९९५ साली पहिली वस्तू विकली गेली ती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटना. मालकाने घेणाऱ्याला पत्र लिहून विचारलं, बाबा रे, हा बिघडलाय हे कळलंय ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. आपल्याकडेही बाझी डॉट कॉम म्हणून लिलावाचं दुकान होतं, ते २००४ साली ईबेने घेतलं आणि २०१८ साली ती भारतातली शाखाही बंद झाली. "म्हणजे भावोजी, लिलावाला तोटा नाही," मेहुणा म्हणाला. बंद पडलेल्या दुकानावरून हा निष्कर्ष त्याने कसा काढला, ते मी विचारलं नाही. मी गेलो ते दुकान वेगळं. त्याचं नाव सांगत नाही, कारण माझे पैसे अजून त्यांच्याकडे आहेत.

पहिली पायरी ओळख पटवण्याची. आधारवर माझं नाव आधी, पासबुकावर आडनाव आधी, आणि पॅनवर वडिलांच्या नावात एक इंग्रजी ए जास्त. तीन कागदांवर तीन माणसं. त्यातला खरा कोण हे ठरवण्यासाठी कंपनीने माझ्या खात्यात एक रुपया जमा केला. नाव जुळतं का बघण्याची ही त्यांची रीतच आहे. चौथ्या प्रयत्नात जुळलं. तो रुपया मी जपून ठेवलाय.

बोली एक रुपयापासून सुरू केली. संध्याकाळपर्यंत दोनशे दहावर गेली आणि थांबली. आता आमच्याकडे गणपतीत मंडळाच्या नारळाचा लिलाव होतो, तेव्हा बोली थंडावली की घरचाच कुणीतरी मागून हाक देतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. उलट न देणाऱ्याला लोक नावं ठेवतात. मेहुणा आमच्याच सोफ्यावर, आमच्याच वायफायवर बसला होता. त्याने साडेतीनशे म्हटलं. पलीकडचा अनोळखी इसम सव्वाचारशेवर आला. मेहुण्याच्या अंगात नारळ संचारला. तो म्हणाला पाचशे! अनोळखी इसम गप्प झाला, तो कायमचाच. अशा रीतीने माझ्या वडिलांचा धोटा माझ्या मेहुण्याने जिंकला.

घेतलेली वस्तू नाकारली तर माझ्याच खात्याला डाग लागणार, म्हणून त्याने पाचशे भरले. दुसऱ्या दिवशी पत्र आलं. विकणारा आणि घेणारा एकाच जाळ्यावरून आल्यामुळे माझ्या खात्यावर 'असामान्य हालचाल' आढळली होती. चौकशी होईपर्यंत रक्कम थांबवण्यात येत आहे. कंपनीचा नियम चुकीचा आहे असं नाही. नातेवाइकाने बोली चढवणं म्हणजे फसवणूकच. पण आमच्याकडे तिला घरचं कार्य म्हणतात. पंधरा दिवसांनी खातं सुटलं, रक्कम सुटली नाही. लिलावाचा हक्क काढून घेतला आणि ठरल्या भावाने विकायला परवानगी दिली. बायको रोज सकाळी चहाबरोबर विचारते, "दादाचे पाचशे कधी देताय?"

मग ४९९ रुपये भाव लावला. इथे सरकारबद्दल चार शब्द चांगले लिहायला हवेत, संधी कमी येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकायला जीएसटीची नोंदणी लागत नाही. धोटा नागपूरला जाऊ शकतो, सुरतेला नाही. वर्षाला पाच लाखांच्या आत विक्री असली आणि पॅन दिला असला तर कापला जाणारा आयकरही माफ. म्हणजे सरकारने हात वर केले. कंपनीने दोन्ही हात पुढे केले. कमिशन, कमिशनवर १८ टक्के जीएसटी, पैसे गोळा करण्याची फी आणि पाठवण्याचा खर्च. धोट्याचं वजन चारशे ग्रॅम. पण खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागायची, आणि खरं वजन व हे वजन यांत जे जास्त असेल ते धरायचं. खोकं पंचेचाळीस बाय दहा बाय दहा. हिशेब नऊशे ग्रॅम. उरलेल्या अर्ध्या किलो हवेचं भाडं मी भरलं. भिवंडीची हवा इतकी महाग असेल असं इथे राहणाऱ्या कुणाला वाटणार नाही.

पहिली ऑर्डर दादरहून आली. आठ दिवसांनी परत आली. कारण: 'वस्तू वापरलेली आहे.' जाहिरातीत मी 'चाळीस वर्षं चाललेला धोटा' असं लिहिलं होतं.

परत आली म्हणजे माझ्याकडे नव्हे. परतीचं सामान गोदामात येतं आणि गोदामं आमच्याकडेच आहेत. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर आणि नाशिक महामार्गाला लागून म्हणून ती इथे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जकात गेली, गोदामं राहिली, उलट वाढली. जिथे भात होता तिथे निळे पत्रे आले. आमच्या कामतघरच्या गच्चीवरून अंजूरफाट्यापलीकडची ती छपरं दिसतात. माझा धोटा त्यातल्या एका छपराखाली होता. ॲपवर लिहिलं होतं: 'पार्सल वाटेत आहे.' अठरा दिवस ते वाटेत होतं. मी गच्चीत कपडे वाळत घालताना ते मला दिसत होतं, असंच म्हणा ना.

काका ऐकून होते. काकांचं आयुष्य कापडाच्या वसुलीत गेलं. उधारी साठ दिवसांची, हातात येईतो चार महिने. ते पहिली गाडी पकडून काळबादेवीला मूळजी जेठा मार्केटात जायचे आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर गादीच्या कडेला बसायचे. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. नुसतं बसायचं. मुख्य म्हणजे चहा घ्यायचा नाही. चहा नाकारणारा माणूस समोर बसला की गिऱ्हाइकांचं लक्ष जातं, शेठ अस्वस्थ होतो, तिसऱ्या नकाराला मेहताला हाक जाते आणि चेकबुक निघतं. काका म्हणाले, "तू अर्ज कसले लिहितोस? जाऊन बस."

"कुठे बसू, काका?"

त्यांनी डबा घेतला, प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं आणि मला रिक्षात घालून गोदामाच्या फाटकावर नेलं. फाटकावर जवळच्याच गावातला एक आगरी पोरगा सुरक्षारक्षक होता. आत जायला गाडीचा नंबर लागतो. माणसाला नंबर नव्हता. काका स्टूल टाकून बसले. ट्रक येत होते, जात होते. तासाभराने पोराने चहा विचारला. काकांनी नकार दिला. अर्ध्या तासाने पुन्हा विचारला. नकार. तिसऱ्यांदा तो कपच घेऊन आला आणि उकिडवा बसला.

"काका, घ्या ना. कोनाकरतं बसलाव?"

"पैशासाठी."

"मंग मी पन तुमच्या बाजूला बसतंय. माजा पगार दोन महिने नाय आला. कंत्राटदार बोलतंय, कंपनीनं थांबवलाय."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चहा घेतला. वसुलीच्या आयुष्यात त्यांनी समोरच्याचा चहा घेतलेला मी प्रथमच पाहिला.

पार्सल पुढच्या आठवड्यात आलं. आत लाटणं होतं. वापरलेलं, कणकेसकट. मी दावा लावला. उत्तर आलं की परतीच्या खोक्याचं वजन पाठवलेल्या वजनाशी जुळत असल्याने दावा नाकारण्यात येत आहे. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ मागितला, तो पाठवला. व्हिडिओत मी "अगं, हे काय आहे?" असं विचारताना आणि बायको "लाटणं आहे, मेलं, चांगलं जड आहे" असं म्हणताना स्पष्ट ऐकू येतं. तोही नाकारला. दादरला कुणाच्या तरी घरी धोट्याने पोळ्या लाटल्या जात आहेत की काय, या विचाराने मला झोप लागत नाही. वडील असते तर म्हणाले असते, निदान चालू तरी आहे.

काका आणि तो पोरगा गुरुवारी कंत्राटदाराच्या ऑफिसात गेले. कल्याण नाक्याजवळ गाळा आहे. काच, टेबल, गणपती, एसी, समोर चार खुर्च्या. दोघे बसले. चहा आला. दोघांनी नाही म्हटलं. पुन्हा आला. पुन्हा नाही. शनिवारी पोराचा दोन महिन्यांचा पगार झाला, आणि रविवारी तो घरी खरवस घेऊन आला.

काका सध्या माझा मोबाइल हातात घेऊन बसतात, ॲप उघडतात, वर-खाली सरकवतात. काल विचारत होते, यांचा कुठे गाळा आहे का बघ, तळमजल्यावरचा असला तर बरं, माझे गुडघे दुखतात.