धावते समालोचन

विमानतळ मागे टाकून बुर्ज अल सहवापाशी निझवाचा रस्ता धरला की थोड्याच वेळात रुसैल येतं. 1983 साली उभी राहिलेली ही ओमानमधली पहिली औद्योगिक वसाहत. सिमेंट, केबल, बॅटऱ्या, खाद्यतेल असं काय काय इथे बनतं, आणि ते बनवणाऱ्या कारखान्यांत कुठे प्रॉडक्शन, कुठे क्वालिटी, कुठे मेंटेनन्स सांभाळत मराठी माणसं पोराबाळांसह नांदतात. आठवडाभर ट्रेलरांनी गजबजलेले इथले रुंद रस्ते शुक्रवारी पहाटे सुनसान असतात. तेव्हा तिथे आम्ही पळतो.

पळणाऱ्यांत जाती पुष्कळ. बूट दाखवायला येणारे असतात, गुडघा दाखवायला येणारे असतात. नऊ किलोमीटर सातशे मीटरला घरापाशी पोचलं तरी घड्याळात दहा पुरे व्हावेत म्हणून पार्किंगमध्ये प्रदक्षिणा घालणारेही असतात. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही घालतो. पण प्रत्येक ग्रुपमध्ये एक असा गडी असतोच, की जो शरीराने आपल्याबरोबर पळत असतो आणि तोंडाने पालकसभेत बसलेला असतो. आमच्याकडचा हा गडी चाळीस ओलांडलेला, मूळचा पुण्याचा, इथे एका कारखान्यात मेंटेनन्स बघणारा. त्याला एकच मुलगी. ती दहावीत आहे, उंचीने बापाच्या कानाला लागली आहे आणि ग्रुपमध्ये तिचं नाव अजूनही ‘आमचं पिल्लू’ आहे.

सावकाश पळताना शेजारच्याशी दम न लागता बोलता आलं पाहिजे, असं सगळे कोच सांगतात. या माणसाने तेवढं एकच तत्त्व मनापासून अंगी बाणवलेलं आहे. पहिल्या किलोमीटरला पिल्लूचं गणित होतं, दुसऱ्याला सायन्स. तिसऱ्याला वक्तृत्व स्पर्धा येते आणि तिचं भाषण साभिनय होतं. चौथ्याला भरतनाट्यम्. तेव्हा मात्र शेजारच्याने दोन हात लांब पळावं, कारण मुद्रा करताना त्याचे हात कुठेही जातात. मला एकदा पताका लागली आहे.

विषय बदलून बघावा, तर त्याचाही उपयोग नाही. आमच्यातल्या कोल्हापूरकराने एकदा मुद्दाम चौगुल्यांचा विषय काढला. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पळाले आणि एकोणिसावे आले, असं तो रंगात येऊन सांगत होता. शंभर वर्षांपूर्वी, बोटीने जाऊन! ‘एकोणिसावे’ हा शब्द कानावर पडायची खोटी, बाप म्हणाला, “बघ ना, आणि आपण किती सहज म्हणतो, नुसतं पहिल्या विसात! आमच्या पिल्लूचा गेल्या वर्षी ऑलिंपियाडला सतरावा आला.” कोल्हापूरकर नुसता “नाद खुळा” म्हणाला. ते चौगुल्यांना होतं की पिल्लूला, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

एकदा तर त्याने मॅरेथॉनच पालकांच्या नावावर करून टाकली. 1908 च्या लंडन ऑलिंपिकची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली, ती राजघराण्यातल्या लेकरांना खिडकीतून बघता यावी म्हणून, अशी एक गोष्ट सांगतात. त्या दिवशीचं 42.195 किलोमीटर अंतरच पुढे 1921 मध्ये कायमचं ठरलं. “म्हणजे बघ,” बाप म्हणाला, “हे अंतर मुळात लेकरांच्या कौतुकातून आलंय!” यावर आमचा नागपूरकर धापा टाकत म्हणाला, “अबे, त्या पोट्ट्यांना त्या दिवशी झोपवून ठेवलं असतं तर आपले दोन किलोमीटर वाचले असते ना बे!” पहिल्या ऑलिंपिकात मॅरेथॉन साधारण चाळीसचीच होती. तेव्हा तक्रारीत तथ्य आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास होतो तर पुढे निघून जावं. आम्ही तेच करतो. तो सुरू झाला की जो तो वेग वाढवतो. मागे राहील त्याच्या वाट्याला सहामाही परीक्षा येते. या भीतीपोटी ग्रुपमधल्या प्रत्येकाचा दहा किलोमीटरचा टाइम सुधारला आहे. पैसे मोजून ऑनलाइन कोच लावणाऱ्यांना जे जमलं नाही, ते एका मुलीच्या प्रगतिपुस्तकाने करून दाखवलं. आमच्यातल्या मल्याळी मित्राला मराठी येत नाही, पण ‘पिल्लू’ आणि ‘टक्के’ हे दोन शब्द कळतात. ते ऐकू आले की तो दिसेनासा होतो.

पळणं आणि पालकत्व यांचा तोल तो कसा सांभाळतो, हेही बघण्यासारखं आहे. ओमानने 2013 मध्ये गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवारवर नेली, ती जगाशी व्यवहार सोपा व्हावा म्हणून, असा आपला समज. याच्या मते ती शनिवारच्या ट्यूशनसाठी नेली. शुक्रवारी साडेआठला डान्स क्लास, म्हणून आम्ही पाचला पळायचं. प्रीलिम आली की साडेचारला. उन्हाळ्यात मात्र त्याचं ऐकण्यात शहाणपण असतं. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला इथे सरकारचीच बंदी असते, आणि सूर्य साडेपाचच्या सुमारास डोक्यावर बसायला निघालेला असतो. दमट हवेत बनियन पिळून निघतो आणि घाम बुटात उतरून पचक पचक वाजतो. तेव्हा हा खिशातून खजूर काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवतो. बी काढलेला असतो. पिल्लूच्या डब्यासाठी काढतो तेव्हाच आमचेही काढतो म्हणे. या एका गोष्टीसाठी त्याला बरंच माफ आहे.

सुट्टीत बायको-मुलगी पुण्याला गेल्या की परिस्थिती बिकट होते. तिकडचं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे आपले पाच तिथले साडेसहा. तो पळता पळता आजोळी व्हिडिओ कॉल लावतो. झोपेतून उठवलेलं पिल्लू आणि घामाने निथळणारे पाच-सहा काका एकमेकांकडे बघतात. कोणालाच काही बोलायचं नसतं. धावण्याच्या अॅपवर लोक आपल्या रनला ‘मॉर्निंग रन’ असं साधं नाव देतात. याच्या रनचं नाव असतं, ‘गणित 78/80 रन’.

पळून झालं की कॉफी शॉपच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर करक चहा. एकदा तो गाडीतून टॉवेल आणायला गेला तेव्हा नागपूरकराने विचारलं, “हा घरी तर पोरीला किती डोक्यावर चढवून ठेवत असेल?” कोणालाच माहीत नव्हतं. ते कळलं हिवाळ्यात, तिची परीक्षा जवळ आलेली असताना. “रोज बसून बसून पाठ आखडली” म्हणून पिल्लू एका शुक्रवारी स्वतःच बूट घालून आमच्यात पळायला आली.

पाच किलोमीटर तो माणूस चकार शब्द बोलला नाही. तोंडात मिठाची गुळणी. गणित नाही, पताका नाही. एकदाच म्हणाला, “खांदे सैल सोड,” आणि ती पुढे गेली तर “उगाच घाई कशाला?” आम्हीही सवय मोडल्यामुळे अडखळत पळत होतो. पुढे निघून जायचं कारणच उरलं नव्हतं. चहाला बसल्यावर तो गाडी वळवून आणायला गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली, “काका, बाबा तुमच्यातही असेच गप्प असतात का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. “हो, अगदी,” कोल्हापूरकर म्हणाला.

“घरी नसतात,” ती म्हणाली. “माझे मार्क आले की ‘उरलेले दोन कुठे गेले’ एवढंच विचारतात, आणि मग जेवताना तासभर तुमचं सुरू होतं. काका गुडघा दुखत असताना कसे पळाले, काकांनी वजन कसं उतरवलं. शिकावं जरा त्यांच्याकडून, म्हणतात.” मग नागपूरकराकडे वळून जरा वैतागून म्हणाली, “तुमचा दहा किलोमीटरचा टाइम तर मला पाठ झालाय. छप्पन्न मिनिटं.”

“पंचावन्न अठ्ठावन्न,” नागपूरकराने तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

पुढच्या शुक्रवारी तो मुद्दाम मागे रेंगाळला आणि पहिलं किलोमीटर संपायच्या आत त्याने स्वतःहून विचारलं, “काय बे, पिल्लूची प्रीलिम कशी झाली?”