टोपली, तबकडी आणि परभणी

हौसेला मोल नाही म्हणतात. डिस्क गोल्फमध्ये ते हौशी खेळाडूच मोजतो. अमेरिकेत हौशींची जागतिक स्पर्धा भरते. प्रवेश शुल्क आपलं, तिकीट आपलं, हॉटेल आपलं, रजाही आपलीच. जिंकलात तर रोकड नाही, फार तर सामान. म्हणजे बहुधा आणखी तबकड्या!

तबकडी जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमची. झाडं चुकवत ती फेकायची आणि खांबावरच्या साखळ्यांना आदळवून टोपलीत पाडायची. ही टोपली 1970च्या दशकात घडवणारे एड हेड्रिक 2002 मध्ये वारले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा तबकड्यांत मिसळली गेली. आपण गंगाखेडला जाऊन गोदावरीत सोडतो आणि मोकळे होतो. पुन्हा कोणी फेकून बघत नाही.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्या गावात हा खेळही खपेल. कृषी विद्यापीठाकडे जमीन उदंड, बाभळी फुकट, आणि मे महिन्याच्या उन्हात तबकडी शोधणाऱ्याला तपश्चर्येचं पुण्य वेगळं.

तिकडचे हौशी हॉटेलात उतरतात; आमची कबड्डीची पोरं मात्र परगावी स्पर्धेला गेली की शाळेच्या वर्गात बाकं सरकवून सतरंज्या टाकतात. पहाटे एकाच नळावर रांग, नाश्त्याला पातळ पोहे, मग सामना. घरी परतल्यावर पहिला प्रश्न येतो, "सर्टिफिकेट नोकरीच्या पाच टक्के खेळाडू कोट्यात चालंल का?"

तेव्हा साहेब, साखळ्यांच्या टोपल्या खुशाल मागवा. आधी त्या वर्गातला पंखा तेवढा दुरुस्त करा.