दोन इंचांचा पाहुणा

नवलाख उंबरे गावात एमआयडीसी आली, तिच्यामागून फ्लॅट आले आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी आली. टाकीत ‘सकर’ मासा हवाच. दुकानदार सांगतो, ‘शेवाळ खातो, काच आपोआप साफ!’ पगार नको, दिवाळीचा बोनस नको, असा कामवाला कुणाला नको असतो?

दुकानात तो बोटाएवढा असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा गडी दीड फूट वाढतो, हे सांगायला दुकानदाराला वेळ नसतो. मग एके दिवशी टाकीत वळताना त्याचं तोंड एका काचेला आणि शेपूट दुसरीला लागतं. लगेच घरात भूतदया जागी होते. रविवारी सगळं कुटुंब बादली घेऊन इंद्रायणी नदीवर. पोरं टाटा करतात, बाबा व्हिडिओ काढतात. ‘केला बिचाऱ्याला मोकळा!’

इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते. उजनीत सकर सापडतोच आहे. तो काठ पोखरतो, काटेरी परांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. जाळं शिवत बसतो तो कोळी. पुण्य जमा होतं आपल्या खात्यात.

टाकी आता रिकामी आहे. आरोवाना आणायचं ठरतंय. शुभ असतो म्हणे. वाढतो फक्त तीन फूट.