आमच्या घराण्याचा वेताळ

चित्रकाराचा भक्त व्हायला आधी त्याचं नाव ठाऊक असावं लागतं, असं ज्याला वाटतं त्याने लहानपणी भाड्याने कॉमिक्स आणलेले नाहीत. १९६४ साली निघालेलं इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद पडलं, तोवर आमच्या गल्लीत त्यातल्या वेताळ या नायकावरून दोन तट होते. एक वेताळ खांद्याने भरदार, गालफडाखाली सावली, मागे झाडांच्या बुंध्यांवर काळ्याभोर शाईचे फटकारे. हा ‘आपला’. दुसरा ताठ, गुद्दा मारतानाही अवघडलेला. तो ‘जुना’. जुना निघाला की अंक तसाच परत जायचा, भाडं मात्र बुडायचं.

आपला म्हणजे साय बॅरी, १९६१ ते १९९४; जुना विल्सन मॅकॉय. ही नावं मिशी फुटल्यावर कळली. आणि गंमत म्हणजे गोष्टी दोघांच्याही ली फॉकच्याच! तेच डेंकालीचं जंगल, तीच कवटीची अंगठी, चोराच्या जबड्यावर उमटणारी तीच खूण. पण शांत वाटायचं ते बॅरीच्या गुद्द्यानेच. यमन एकच असला तरी आपल्या घराण्याचाच ऐकायचा, त्यातली गत. पोरं चित्रं आधी बघतात, अक्षरं मागाहून लावतात. तेवढ्यात निष्ठा जडून गेलेली असते.

अमेरिकेतल्या पोरांनी तर कमाल केली. डिस्नेच्या बदकांच्या कॉमिक्सवर नाव फक्त वॉल्ट डिस्नेचं, चित्रकार गुलदस्त्यात. पण त्यातला एक हात वेगळा आहे हे पोरांनी ओळखलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘चांगला बदकवाला’. पुढे १९६०च्या सुमारास त्यांनी त्याला हुडकून काढलं: कार्ल बार्क्स, अंकल स्क्रूजचा जनक. चाहत्यांची पत्रं आल्यावर त्याला म्हणे आधी खरंच वाटेना.

निष्ठावंताची खरी खूण मात्र वेगळीच. अ‍ॅस्टेरिक्स कॉमिक्सचा लेखक गोसिनी १९७७ साली गेला आणि चित्रकार युदेर्झो लेखनही स्वतःच करू लागला. ‘आता ती मजा नाही’ म्हणत लोकांनी पुढचे अंकही घेतलेच. कुरकुरत पैसे मोजतो तो भक्त. नुसता खूश होतो तो गिऱ्हाईक.

माझ्या भक्तीला अलीकडे एक तडा गेला. बॅरीच्या हाताखाली मदतनीस होते आणि पेन्सिलीचं बरंचसं काम ते करायचे, असं वाचनात आलं. बायकोने विचारलं, “मग इतकी वर्षं तुम्ही नेमकी कोणाची आरती करत होतात?” मी म्हटलं, शाईची. शाई बॅरीची होती. तिने चहाचा कप उचलला आणि आत गेली. तिला हा मुद्दा पटलेला नाही, हे मला मान्य आहे. मला तो पटलेला आहे.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर इंद्रजालचे जुने मराठी अंक पडले असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा. येण्याजाण्याचा खर्च माझा. मॅकॉयचे असले तर सावकाश कळवलंत तरी चालेल.