गुलाबाचा ठराव आणि कण्हेरीची बाजू

ह्यूस्टन, टेक्सस

ती. आई-बाबा,

पावणे गावातल्या आपल्या घराच्या अंगणात लावायला आणि आईने रंगवायला गुलाबच हवा, हा बाबांचा ठराव आमच्या चार मतांनी फेटाळला आहे. आमची उमेदवार कण्हेर. “हमरस्त्याच्या दुभाजकावरचं झाड घरात आणायचं?” असं बाबा विचारणारच, पण आमचा पहिला पुरावा तोच आहे. धूर, रखरख आणि टँकरच्या मर्जीचं पाणी यांवर जे फुलतं, ते एमआयडीसीच्या शेजाराला काय घाबरणार? पान जाड, चामड्यासारखं. श्वासाची छिद्रं खालच्या अंगाला, केसाळ खळग्यांत दडवलेली, म्हणून आतलं पाणी सहजी उडत नाही. खारं वारंही तिला चालतं. इथून जवळच्या गॅल्व्हस्टन बेटावर ती १८४१ साली जमैकाहून आली. १९००च्या वादळात तिथली किमान सहा हजार माणसं गेली. पुढे गाळवाळू भरून गावाची जमीनच उंच केली, आणि तिथे पुन्हा लावली गेली ती कण्हेर. गुलाबाची मात्र पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आणि हिवाळ्यात मावा, अशी वर्षभराची दुखणी.

“पण तिच्यात रंगवण्यासारखं काय आहे?” हा आईचा आक्षेप. व्हॅन गॉगने १८८८ साली आर्ल गावी कण्हेरीच रंगवल्या. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अर्थात मोठ्यांनी केलं म्हणून बरोबर, हा युक्तिवाद आपल्या घरात कधीच चालला नाही, तेव्हा झाडाकडेच बघू. गुलाबात दोन पाकळ्या कमीजास्त झाल्या तर मोजतंय कोण? एकेरी कण्हेरीला पाचच पाकळ्या, सगळ्या भिंगरीसारख्या एकाच बाजूला वळलेल्या, आणि पानं बहुधा तीन-तीनच्या वळ्यात. सहावी पाकळी काढली की चोरी पकडली गेली. असा काटेकोर मास्तर फुकट मिळतो, शिवाय सुकला तर दुसऱ्या दिवशी नवा हजर.

राहिलं विष. हा आक्षेप खरा आहे. पान, फूल, फांदी, सगळंच विषारी. हृदयावर परिणाम करणारं. छाटल्यावर हात धुवावेत, फांद्या जाळू नयेत, घरात रांगतं मूल असेल तर बेत रद्द. पण देवाला आपण हीच फुलं वाहतो. कोल्हापूरला आपण करवीर म्हणतो, आणि संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर (पुराणं त्या नावाची कथा वेगळी सांगतात, म्हणून बाबांनी लगेच पोथी काढू नये). शेळी तिला तोंड लावत नाही, हा कुंपणासाठी गुणच.

वीतभर फांदी पावसाळ्यात खोचली की रुजते. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहरानंतर छाटणी करावी. रंग गुलाबी घ्या, पांढरा नको. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढायचं म्हणजे भोवतालचं सगळं रंगवून फुलाची जागा सोडून द्यावी लागते, आणि आईला काही सोडून देणं जमत नाही, हे बाबांना ठाऊक आहेच.

आपली,
चार मतं